मागे राहिलेले होले



बर्फ पडायला लागला की आपल्यातली कुणी ना कुणी हमखास विचारते, "अगं, बाकीची पाखरं दक्षिणेला गेली, मग हे होले इथंच कसे? वाट चुकले की काय?" विजेच्या तारेवर, गोठ्याच्या पत्र्यावर, नाहीतर मागच्या अंगणात अंग फुगवून बसलेलं ते तपकिरी पाखरू पाहिलं की जीव कळवळतो. भारतातून थंडीत पाहुण्या आलेल्या सासूबाई तर खिडकीतून हलतच नाहीत. दक्षिण ऑन्टॅरिओच्या या शेतीभागात संसार करणाऱ्या आम्हा मराठी बायकांचाही हा दर वर्षीचा विषय. म्हणून आज होल्यांबद्दलच बोलायचं ठरवलंय. आणि ते वाट चुकलेले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.

या पाखराचं इंग्रजी नाव 'मॉर्निंग डव्ह'. ऐकताना वाटतं, सकाळचा होला. पण हे मॉर्निंग सकाळचं नव्हे, शोकाचं. त्याचं खोल, लांबवलेलं घुमणं ऐकून लोकांना कुणीतरी दूर बसून रडतंय असं वाटलं आणि तेच नाव पडलं. प्रत्यक्षात त्यात शोक काही नाही. ती बहुतेक वेळा एकट्या नराची मादीला घातलेली साद असते. आपल्याकडे ज्याला कुठे होला म्हणतात, कुठे कवडा, त्याच्याच भाऊबंदांपैकी हा. आपल्या ठिपकेवाल्या होल्याच्या मानेवर बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके असतात. याची मान साधी, पंखांवर चार काळे ठिपके आणि शेपूट लांब, टोकदार, पांढऱ्या कडांची. वजन साधारण सव्वाशे ग्रॅम. उडताना पंखांची शिट्टी वाजते, त्यामुळे न बघताही ओळखता येतो.

आता मुख्य गोष्ट. हे होले स्थलांतर करतात, पण सगळे करत नाहीत. पायात कडी घालून सोडलेल्या पक्ष्यांवरून कळलंय, की उत्तरेकडचे होले अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, मेक्सिकोत, काही तर त्याच्याही खाली मध्य अमेरिकेपर्यंत जातात. त्यातही क्रम असतो. उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं सगळ्यांत आधी निघतात, मग माद्या, आणि शेवटी नर. काही नर मात्र निघतच नाहीत. हिवाळ्यात उत्तरेत राहिलेल्या होल्यांमध्ये नरांचं प्रमाण जास्त असतं ते यामुळे. थोडक्यात, बाई लेकरांच्या पाठोपाठ उबेच्या गावाला गेली आणि दादला घर राखत बसला, असा हा उलटा संसार.

तो बसतो कशासाठी? अभ्यासकांचं म्हणणं असं, की हा सरळ सरळ जुगार आहे. दक्षिणेला गेलं तर थंडी टळते, खाणं मिळतं, पण शेकडो मैलांच्या प्रवासात वादळ आहे, ससाणा आहे, शिकारी आहे. आणि परत यायला वेळ लागतो. जो इथंच राहिला, तो मार्चमध्ये बर्फ विरघळायला लागताच चांगल्या झाडावर बसून घुमू शकतो. माद्या परततात तेव्हा जागेचा मालक तो असतो. होल्यांची घरटी लवकर सुरू होतात आणि एका हंगामात दोन-तीन वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा पिल्लं निघतात. महिनाभर आधी सुरुवात झाली, तर एक वीण जास्त होऊ शकते. त्या एका विणीसाठी तो अख्खा हिवाळा पणाला लावतो.

आणि पणाला काय लागतं, ते त्याच्या पायांकडे पाहा. होल्याचे पाय उघडे, गुलाबी, पिसांशिवायचे. कडाक्याच्या थंडीत बोटं गोठतात, काळी पडतात आणि गळून जातात. अंगणात येणाऱ्या होल्यांत एखाद-दोन बोटं नसलेला, नुसत्या खुंटांवर चालणारा होला दिसणं नवं नाही. म्हणूनच तो बसताना पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतो आणि गोळा होऊन बसतो. रात्री स्प्रूस, सीडर अशा दाट सदाहरित झाडांत दहा-वीस जणांचा थवा वाऱ्याच्या आडोशाला बसतो. पोट रिकामं असेल तर रात्री शरीराचं तापमान काही अंशांनी उतरवायचं आणि शिल्लक चरबी पुरवून वापरायची, हीसुद्धा युक्ती त्याच्याजवळ आहे.

तरीही त्याचा खरा वैरी थंडी नव्हे, बर्फाचा थर. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण आपण मदत कशी करायची ते यावर ठरतं. होला जवळजवळ फक्त बिया आणि धान्य खातो, आणि तेही जमिनीवरचं. कोंबडीसारखं पायांनी उकरणं त्याला जमत नाही. चोचीनं पालापाचोळा बाजूला सारील, पण वीतभर बर्फाखालचा मक्याचा दाणा त्याच्यासाठी नसल्यासारखाच. त्यावर पावसाची गार पडून काचेसारखा थर जमला तर मग काहीच उरत नाही. भरपेट होला उणे वीस अंशांची रात्र काढतो. उपाशी होला काढेलच असं नाही.

म्हणून तो मिळेल तेव्हा भराभर वेचतो आणि गळ्याखालच्या पिशवीत साठवून घेतो. नंतर झाडात सुरक्षित बसून सावकाश पचवतो. एका होल्याच्या या पिशवीत गवताच्या १७,२०० बिया सापडल्याची नोंद आहे. डिसेंबर अखेरीला इथला दिवस जेमतेम नऊ तासांचा, रात्र पंधरा तासांची. नऊ तासांत पंधरा तासांची शिदोरी बांधायची, हा त्याचा रोजचा हिशेब. रस्त्याच्या कडेला बर्फ हटवलेल्या जागी होले दिसतात तेही याच हिशेबात. दाणे भरडायला पोटात बारीक खडे लागतात आणि ते तिथेच उघडे मिळतात. तेव्हा गाडी चालवताना अशा जागी जरा हळू जाऊ या.

मग पूर्वी, इथं शेती नव्हती तेव्हा, हे होले काय करत? पूर्वी या भागात घनदाट जंगल होतं आणि त्यात वेगळ्याच कबुतरांचं राज्य होतं, पॅसेंजर पिजन नावाच्या. त्यांचे थवे गेले की आकाश झाकून जायचं. जंगल तुटलं, बंदुका आणि जाळी चालली आणि ती जात संपली. शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. ज्या तोडीनं त्यांचं घर गेलं, तीच तोड या होल्याच्या पथ्यावर पडली. त्याला मोकळी शेतं, बांधावरची झाडं आणि सांडलेलं धान्य हवं होतं. कापणीत पडलेला मका, गोठ्यापाशी गुरांच्या खाण्यातून आणि मुरघासातून उधळलेले दाणे, आणि पुढे घरोघरी टांगलेले फीडर, यांच्या जोरावर तो हिवाळ्यात उत्तरेत टिकू लागला. म्हणजे तो इथं राहतो तो माणसाच्या भरवशावर.

या भरवशाला आता थोडी ओढ लागते. मका कापणारी यंत्रं जितकी चांगली, तितके कमी दाणे शेतात पडतात. शरदातच नांगरट झाली तर उरलेले दाणेही मातीखाली जातात. शेतकऱ्यानं धान्य सांडावं असं कोण म्हणेल? पण ज्यांची शेती आहे, त्यांना दोन गोष्टी करता येतील. जिथे जमेल तिथे मक्याचे खुंट वसंतापर्यंत तसेच ठेवायचे, आणि बांधावरची जुनी स्प्रूसची रांग तोडायची घाई करायची नाही. ती रांग म्हणजे होल्यांचं रात्रीचं घर.

आपल्यासारख्यांच्या हाती अंगण आहे. होल्याला टांगलेल्या छोट्या फीडरवर नीट बसता येत नाही. त्याला सपाट पाट किंवा बर्फ साफ केलेली जमीन लागते. फावड्यानं दोन हात जागा मोकळी करा, शक्यतो झाडाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला, पण मांजराला दबा धरता येईल अशा झुडपाला लागून नको. दाणे कोणते? भरडलेला मका, सूर्यफुलाच्या बिया, आणि आपल्या ओळखीचे दोन, वरी आणि करडई. करडई होल्यांना फार आवडते आणि खारी सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. पोळीचे तुकडे, शिळा भात, फरसाण घालू नका. त्यातलं मीठ-तेल पाखरांच्या कामाचं नाही. न गोठणारं पाणी ठेवता आलं तर फारच छान. होला चिमणीसारखा घोट घेऊन मान वर करत नाही, चोच बुडवून ओढून पाणी पितो. मुलांना दाखवा, गंमत वाटेल.

सकाळी उजाडताच आणि संध्याकाळी अंधार पडण्याआधी दाणे तिथे असावेत. पंधरा तासांची रात्र याच दोन वेळांवर निघते. आपल्यातल्या पुष्कळजणी डिसेंबर-जानेवारीत महिना-दोन महिने भारतात जातात. जाण्याआधी दाणे थोडे थोडे कमी करत आणा, म्हणजे पाखरं दुसरी जागा शोधतील. किंवा शेजारणीला सांगून ठेवा. ऐन बर्फवादळात अचानक ताट काढून घेणं बरं नव्हे.

आणि स्वच्छता. मुंबईत कबुतरखान्यांवरून केवढा वाद झाला, ते आपण ऐकलंच. दाणा घालणं हे पुण्य समजून ढीग ओतला आणि घाण साचू दिली, तर ज्यांना जगवायला गेलो त्यांनाच मारतो. होल्यांना घशाचा एक रोग होतो, ट्रायकोमोनास नावाच्या सूक्ष्म जिवामुळे. आजारी होला दाणा उचलतो, गिळता येत नाही म्हणून टाकतो आणि तोच दुसरा उचलतो. पाण्यातूनही हा रोग पसरतो. म्हणून दिवसभरात संपेल एवढंच घाला, दोन-तीन ठिकाणी विखरून घाला. जुने भिजके दाणे आणि विष्ठा झाडून काढा. पाट आणि पाण्याचं भांडं एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा मिश्रणानं धुऊन, खळखळून, पूर्ण वाळवून मग ठेवा. एखादा होला मान सुजलेला, फुगून एकाच जागी बसून राहिलेला दिसला, तर दोन आठवडे दाणा-पाणी दोन्ही बंद. हे कठोर वाटतं, पण थव्यासाठी तेच दयाळूपणाचं आहे.

कधी कूपर्स हॉक झेप घालून आपल्या डोळ्यांदेखत होला उचलून नेतो. लेकरं रडतात, आपल्यालाही दाणा घातल्याचा पश्चात्ताप होतो. पण शिकारी पक्ष्यालाही हिवाळा काढायचाच असतो. मोठ्या होल्यांमधलेही निम्म्याच्या आसपास वर्षभरात मरतात, मग ते उत्तरेत राहोत की दक्षिणेला जावोत. तरीही ही जात भरभराटीत आहे, कारण नर आणि मादी दोघं मिळून पिल्लं वाढवतात. दिवसा अंड्यांवर नर बसतो, रात्री मादी. आणि पिल्लांना भरवायला दोघांच्याही गळ्यात दुधासारखं अन्न तयार होतं.

ज्यांना मोजदाद आवडते त्यांच्यासाठी एक काम सांगतो. आपल्याच प्रांतात, लाँग पॉइंटच्या पक्षी-केंद्रातून, १९७६ साली घरच्या फीडरवरचे पक्षी मोजण्याची पाहणी सुरू झाली, डॉ. एरिका डन या बाईंच्या पुढाकारानं. तीच पुढे 'प्रोजेक्ट फीडरवॉच' म्हणून सगळ्या अमेरिका-कॅनडात पसरली. चहाचा कप हातात घेऊन खिडकीतून मोजलेले आकडेही तिथे कामी येतात. घरात बसून हिवाळा खायला उठतो असं वाटणाऱ्या मैत्रिणींनी करून पाहावं.

तर मैत्रिणींनो, होल्याची कीव करू नका. तो मागे राहिलेला नाही, पुढचा विचार करून राहिलेला आहे. त्याला आपल्याकडून हवी आहे ती बर्फ झाडलेली दोन हात जागा, मूठभर स्वच्छ दाणे आणि नेम. मार्चमध्ये एखाद्या ओल्या सकाळी बोटं गमावलेला एखादा होला स्प्रूसच्या शेंड्यावर बसून घुमायला लागेल. त्याला शोक म्हणायचं की आमंत्रण, ते तेव्हा कान देऊन तुम्हीच ठरवा.