गुडघ्यामागची दोरी



मागच्या मेळाव्यात याच काशीदच्या वाळूत आपण मुली कबड्डी खेळलो, आठवतंय? चढाईत मी गडी टिपायला पाय लांब केला आणि घोटा पकडला गेला. गुडघा सरळ, पाऊल अडकलेलं आणि मी रेषेकडे वळले. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सणकन कळ आली. सगळे हसले, मीही हसले.

आता बसल्या जागी एक करून बघा. टाच जमिनीत रोवा आणि मागे ओढा. गुडघ्याच्या मागे, बाहेरच्या अंगाला दोरीसारखं काहीतरी ताठ लागेल. ती बायसेप्स फिमॉरिसची कंडरा. दंडातल्या बेटकुळीसारखीच याही स्नायूला दोन मुळं. एक आपण ज्यावर बसतो त्या हाडापासून निघतं, दुसरं मांडीच्या हाडापासून. दोन्ही एकत्र येऊन नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या, म्हणजे फिब्युलाच्या डोक्याला जुळतात. गुडघा वाकवणं आणि पाय बाहेर वळवणं, ही त्याची कामं. या कंडरेला लागूनच एक नस जाते. पाऊल वर उचलण्याचं काम तिच्यावर असतं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मलम चोळत महिनाभर ऑफिस केलं, घरीही बोलले नाही. चाळिशीत कबड्डी कशाला, हे ऐकायचं नव्हतं. पुढे पोटरीच्या बाहेरून पावलावर मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा घाबरून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी पाऊल वर उचलायला लावलं. ते उचललं गेलं, हे माझं नशीब. कंडरा हाडापासून सुटली नव्हती, थोडे तंतू दुखावले होते. शस्त्रक्रिया टळली, पण हळूहळू भार वाढवत व्यायाम करण्यात काही महिने गेले. तेही नुसत्या गुडघ्याचे नव्हेत, कंबरेपासूनचे. आमच्या कामातही चूक दिसते एकीकडे आणि दुरुस्ती करावी लागते दुसरीकडे.

एवढंच सांगते. दुखणं हसण्यावारी नेऊ नका. बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि पीटीचे सर, खेळाआधी तुम्ही मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावायचात, तेव्हा आम्ही कुरकुरायचो. आज संध्याकाळी पुन्हा कबड्डी आहे. शिट्टी तुम्हीच वाजवा. फेऱ्यांना पहिली मी.