दार लोटून घ्या

मान्यवर उद्घाटक, अग्निशमन दलाचे अधिकारी, परवानाधारक एजन्सींचे प्रतिनिधी, ऐरोलीपासून पनवेलपर्यंतच्या सोसायट्यांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार, आणि कमिटीवर नसूनही आवर्जून आलेल्या बंधू-भगिनींनो,

स्वागताध्यक्षानं आधी गावाचा मोठेपणा सांगायचा असा रिवाज आहे, तो उरकून घेतो. ९५ गावांतल्या आगरी-कोळी भूमिपुत्रांच्या जमिनीवर नवी मुंबई हे शहर उभं राहिलं. १९७० साली शहर वसवणारी सिडको आली, १९९२ साली महापालिका. सिडकोनं सुरुवातीला बांधलेल्या कित्येक इमारती चार मजल्यांच्या. लिफ्ट नाही, जिन्याला जाळी, जाळीतून वारा. कुणाकडे काही पेटलंच तर धूर जाळीतून बाहेर आणि माणसं दोन मिनिटांत खाली. आग-धूर अडवणारं फायर डोअर हा प्रकार तिथे नव्हता आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. आता त्याच इमारती पाडून त्यांच्या जागी टॉवर उभे राहताहेत. माणसं तिसाव्या मजल्यावर राहायला चालली आहेत, सवयी मात्र चार मजल्यांच्याच घेऊन. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते ऐकायला तुम्ही जेवणाच्या सुट्टीआधी बसून राहिलात याबद्दल आभार.

२०२५ची दिवाळी आपण कुणी विसरलेलो नाही. २१ ऑक्टोबर २०२५, मध्यरात्र उलटलेली. वाशीच्या सेक्टर १४ मध्ये दहाव्या मजल्यावर आग लागली आणि वर चढत गेली. चार जण गेले. त्यांतले तिघे, आई-वडील आणि सहा वर्षांची मुलगी, बाराव्या मजल्यावरचे. त्या इमारतीत काय चुकलं हे सांगण्याचा अधिकार माझा नाही, आणि मी तर्कही करणार नाही. पण आग एका मजल्यावर आणि माणसं जातात दुसऱ्या मजल्यावर, हे उंच इमारतीत वारंवार घडतं. त्याचं कारण समजून घेणं आपलं काम आहे.

उंच इमारतीतला बंदिस्त जिना म्हणजे आगीच्या वेळी धुराडं. गरम धूर वर जायला वाट शोधतो आणि जिन्यासारखी सरळ वाट त्याला दुसरी मिळत नाही. म्हणून राष्ट्रीय इमारत संहिता जिन्याच्या आणि लिफ्ट लॉबीच्या तोंडाशी फायर डोअर मागते, १२० मिनिटं आगीला तोंड देणारं. दार लागलं नाही तर काय होतं ते बघा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एकोणीस मजली इमारतीत ९ जानेवारी २०२२ रोजी एका घरातला हीटर पेटला. ज्वाळा त्या घराच्या आणि त्याच्या बाहेरच्या पॅसेजच्या पलीकडे फारशा गेल्या नाहीत. तरी सतरा माणसं मेली, त्यांत आठ मुलं. सगळी धुरानं. पेटलेल्या घरातली माणसं पळाली, मागचं दार आपोआप लागायला हवं होतं, ते लागलं नाही. वर पंधराव्या मजल्यावर जिन्याचंही दार उघडं राहिलं होतं. त्या इमारतीत दारं होती, बरं का. कागदोपत्री सगळी होती.

आता आपल्याकडे या. कुठल्याही टॉवरच्या जिन्यानं दुपारी चालत चढा. एका मजल्यावर दार उघडं राहावं म्हणून पेव्हर ब्लॉक लावलेला. पुढच्या मजल्यावर हँडल नायलॉनच्या दोरीनं रेलिंगला बांधलेलं. त्याच्या वरच्या मजल्यावर दारात तुळशीची कुंडी, म्हणजे हलवायची सोयच नाही. एखाद्या ठिकाणी दार आपोआप लावणाऱ्या क्लोजरचा दांडा काढून दाराच्या माथ्यावर ठेवून दिलेला. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘काका, धाडकन आपटतं, बाळ उठतं.’ तक्रार खरी आहे! खाडीवरचा वारा सुटला की दार आपटतंच. पण त्या क्लोजरला साधारण दोन स्क्रू असतात. एकानं दार किती वेगात यायचं ते ठरतं, दुसऱ्यानं शेवटच्या चार बोटांत ते किती हलकेच टेकायचं ते. स्क्रूड्रायव्हर घेऊन पाच मिनिटांचं काम. आपल्याकडे ते कुणी करत नाही, दांडाच काढून टाकतात.

रहदारी खरोखरच जास्त असेल, दार दिवसभर उघडं हवंच असेल, तर चुंबकानं धरून ठेवणारी सोय बसवा. अलार्म वाजला की चुंबक सुटतो, दार लागतं. खर्च आहे, पण पेव्हर ब्लॉकला अलार्म ऐकू येत नाही. उघड्या दारांचा आणखी एक तोटा आहे. ज्या टॉवरच्या जिन्यात धूर शिरू नये म्हणून पंख्यांनी हवेचा दाब ठेवलेला असतो, तिथे चार-पाच मजल्यांची दारं उघडी असली की दाब टिकत नाही, पंखे नुसते फिरतात.

आणखी एक, सुताराबद्दल. फायर डोअरची चाचणी नुसत्या फळीची होत नाही. फळी, चौकट, बिजागऱ्या, क्लोजर, लॅच आणि कडेच्या खाचेतली ती उष्णतेनं फुगून फट बुजवणारी पट्टी, असा अख्खा संच तपासलेला असतो. सुतारानं त्यात भोक पाडून गोदरेजचं जादा कुलूप बसवलं, रंगाऱ्यानं पट्टी ऑइलपेंटनं माखली, की प्रमाणपत्र फाइलमध्ये राहतं आणि दारात त्यातलं फारसं काही उरत नाही.

कायद्यावर दुपारच्या सत्रात जाणकार बोलतील. मी एवढंच आठवण करून देतो की महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे तुमची-माझी आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे आगीच्या उपाययोजना चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, द्यायचा असतो. बऱ्याच कमिट्यांत हा फॉर्म म्हणजे सचिवाच्या डोक्याचा ताप आणि खजिनदाराचं एक बिल, एवढंच. एजन्सीचा माणूस येतो, पंप चालवून बघतो, चहा घेतो. त्याच्याबरोबर जिना चढायला कमिटीतलं कुणी जात नाही, आणि गेलं तर आगीत आसऱ्यासाठी मोकळ्या ठेवायच्या रिफ्यूज एरियात आधी गणपतीचं मखर हलवावं लागतं.

पुनर्विकासात असलेल्या सोसायट्यांना मात्र माझा खास आग्रह आहे. तुमच्या सभांमध्ये कार्पेट एरियातल्या चार फुटांवरून रात्री एकपर्यंत भांडणं होतात. कॉर्पस, पार्किंग, मॉड्युलर किचनचा ब्रँड, सगळं करारात येतं. फायर डोअर कुणाचं, कुठल्या चाचणीचं, प्रमाणपत्राची प्रत सोसायटीला मिळणार का, हे मात्र कुणी विचारत नाही. करारावर सह्या होण्याआधीच हा मुद्दा घाला. नंतर बिल्डर भेटतो कुठे?

मंडपात उजव्या हाताला एक फायर डोअर चौकटीसकट उभं केलं आहे. शेजारच्या टेबलावर स्क्रूड्रायव्हर ठेवले आहेत. सुट्टीत प्रत्येक सचिवानं क्लोजर एकदा स्वतः जुळवून पाहावा, शिकवायला माणूस आहे. सभागृहाला बाहेर पडायच्या वाटा माझ्या दोन्ही बाजूंना आहेत. तिथे कुणी खुर्च्या सरकवल्या असतील तर त्या आताच मागे घ्याव्यात. त्या खुर्च्या हलल्या की मी उद्घाटकांना व्यासपीठावर येण्याची विनंती करतो.