जुन्या पातेल्याची कल्हई



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत थोर थोर विषय मांडले जातात. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदीच घरगुती आहे. कोणी वापरून टाकलेला जुना संगणक आपण विकत घेतला, तर त्यावर कोणती कार्यप्रणाली, म्हणजे ज्याला सारे जण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, घालावी? चिटणीसांनी हा विषय सुचविला तेव्हा, यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे, असे आम्हांलाही वाटले होते. परंतु या प्रश्नात आम्ही स्वतः एकदा चांगलेच तोंडघशी पडलो आहोत, आणि तोंडघशी पडलेल्या माणसापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते.

येथे सांताक्रूझलाच, पूर्वेस वाकोल्याला, आमची भाची राहते. तिची मुलगी कॉमर्स कॉलेजात शिकते. घरात भाचीचे सासरे आहेत. ते निवृत्त शिक्षक असून गेली कित्येक वर्षे आपल्या गावाच्या आठवणी संगणकावर मराठीत लिहीत आले आहेत. त्यांचा जुना संगणक बंद पडला, मुलीला कॉलेजसाठी यंत्र हवे झाले, आणि नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत नव्हती. "मामा, तुम्हांला यातले कळते, तुम्हीच एखादा जुना बघा," असे भाचीने सांगितले. कळते असे कोणी म्हटले की माणसाला नकार देववत नाही. मागील दिवाळीत आम्ही तिच्यासाठी एका कंपनीने काढून टाकलेला, सुमारे आठ-नऊ वर्षांचा लॅपटॉप आणला. यंत्र दणकट होते. कळा शाबूत, पडदा स्वच्छ. आता त्यावर घालावयाचे काय?

येथे थोडे थांबून मूळ गोष्ट समजून घेऊ. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात पितळेची पातेली असत. त्यांना आतून कथिलाची कल्हई केलेली असे. पितळ आणि अन्न यांच्यामध्ये ती कल्हई उभी राही. ती उडाली की आंबट पदार्थ कळकू लागे, आणि पोटात गेला तर बाधे. पण म्हणून आजी पातेले मोडीत काढीत नसे. रस्त्यावरून कल्हईवाल्याची हाक आली की ती पातेले बाहेर काढी. संगणकाचेही तसेच आहे. यंत्र हे पातेले; पत्र लिहिणे, हिशेब करणे, बँकेचे व्यवहार करणे हा स्वयंपाक; आणि या दोहोंच्या मधला थर म्हणजे कार्यप्रणाली. कळ दाबली की अक्षर उमटते, छपाईयंत्राला कागद ओढण्याचा हुकूम जातो, ते सारे तिच्यामार्फत. पातेले चांगले असून कल्हई उडालेली, अशीच अवस्था आज असंख्य जुन्या संगणकांची झाली आहे.

ती कशी झाली? मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिचा सर्वसाधारण पाठिंबा थांबविला. याचा अर्थ दुसऱ्या दिवशी संगणक बंद पडले, असा नव्हे. ते पूर्वीसारखेच चालू राहिले, आणि धोका आहे तो यातच. कोणत्याही प्रणालीत भोके सापडतच असतात. चोर ती शोधतात आणि कंपनी ती बुजविते. बुजविणारा निघून गेला, शोधणारे मात्र राहिले. घरगुती वापरकर्त्यांसाठी, नोंदणी केल्यास, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ कंपनीने देऊ केली. पण मुदतवाढ म्हणजे मुक्ती नव्हे.

मग विंडोज ११ घालावी, असे कोणीही म्हणेल. परंतु तिच्या अटी कडक आहेत. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणीची जागा या अटी जुनी यंत्रेही पुऱ्या करतात. अडते ते पुढे. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात हवी असते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो, थोडे अपवाद सोडता, आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. आठवी पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. तेव्हा त्याआधीचे यंत्र कितीही धडधाकट असो, त्याला दारातच अडविले जाते.

आमच्या यंत्राचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा होता. आणि तरी विक्रेत्याने त्यावर विंडोज ११ घालून दिली होती! आम्ही क्षणभर खूष झालो. नीट पाहता कळले, की ती चोरवाटेने बसविलेली होती आणि तिच्या परवान्याची मोहोरही खोटी होती. सज्जनहो, हा प्रकार जुन्या बाजारात इतका रुळला आहे की त्याला कोणी चोरी म्हणतच नाही. पण नीतीची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी व्यवहाराची उरतेच. ज्याने कुलूप फोडून प्रणाली बसविली, त्याने आत आणखी काय ठेवले, हे आपल्याला कसे कळावे? त्याच यंत्रावर आपली मुलगी उद्या बँकेचा पासवर्ड टाइप करणार असते.

आम्हांला राग आला, आणि रागाच्या भरात आम्ही एक शहाणपणाचे व एक मूर्खपणाचे काम केले. शहाणपणाचे हे, की ती खोटी प्रणाली पुसून टाकली. मूर्खपणाचे हे, की घरातल्या कोणालाही न विचारता तेथे लिनक्स बसवून दिली.

लिनक्सविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहावयास घेतला. त्याआधी, १९८३ पासून, रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या नावाने मुक्त प्रणालीची चळवळ चालविली होती. दोन प्रवाह एकत्र आले, आणि कोणालाही मोफत घेता येईल, उघडून पाहता येईल, दुरुस्त करता येईल अशी प्रणाली तयार झाली. डेबियन, उबुंटू, मिंट ही तिचीच निरनिराळी घराणी. ही काही परक्यांचीच मिरास नाही. येथून फार दूर नाही, जुहूला, १९८५ साली स्थापन झालेली एनसीएसटी ही सरकारी संस्था होती. लिनक्सवर आपल्या लिपी नीट उमटाव्यात, म्हणून तेथे इंडिक्स या नावाने काम झाले. पुढे २००३ मध्ये ती संस्था सीडॅकमध्ये विलीन झाली. सीडॅकनेच २००७ मध्ये बॉस ही डेबियनवर आधारलेली भारतीय प्रणाली आणली. केरळच्या सरकारी शाळांतली मुले तर कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवरच संगणक शिकत आली आहेत. तेव्हा हे प्रकरण सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे, हा समज खोटा आहे.

आम्ही मिंट बसविली. यंत्र पूर्वीपेक्षा चपळ झाले, आणि आम्ही विजयी मुद्रेने चहा घेऊन घरी परतलो. चौथ्या दिवशी भाचीचा फोन आला. मुलीला कॉलेजात टॅली शिकावयाचे होते, आणि टॅली हे विंडोजवर चालणारे काम. लिनक्सवर ते सरळपणे बसेना. हे एक झाले. दुसरे अधिक लागले. आजोबांनी आपल्या आठवणींचा पेन ड्राइव्ह लावला, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन कचरा उमटला. आम्ही पोचलो तेव्हा ते खुर्चीत शांत बसले होते. "माझेच काही चुकले असेल," एवढेच ते म्हणाले. चूक त्यांची नव्हती, आमची होती.

घडले होते ते असे. युनिकोड घरोघर पोचण्यापूर्वीचे मराठी सॉफ्टवेअर बहुधा रोमन अक्षरांच्याच संकेतांवर मराठी वळणाचा फाँट चढवीत असे. तो फाँट यंत्रात असला की मराठी दिसते, नसला की कचरा. मजकूर गेलेला नव्हता. त्याचा चष्मा हरवला होता. जुन्या सीडीवरून फाँट काढून आम्ही लिनक्समध्ये बसविला, तेव्हा बहुतेक पाने दिसू लागली. परंतु टाइप करण्याचे जुने साधन विंडोजवरच चालणारे, त्यामुळे पुढे लिहिता येईना. शेवटी सारा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेतला. त्यात रफार आणि जोडाक्षरे जागोजाग बिघडली. आजोबा आणि नात रोज रात्री दोन-दोन पाने वाचून ती सुधारीत बसतात. ते काम अजून संपलेले नाही.

या फजितीतून आम्ही जे शिकलो, ते आता क्रमाने सांगतो.

पहिला प्रश्न कामाचा. यंत्रावर कोणकोणती कामे व्हावयाची आहेत, हे घरातल्या प्रत्येकाला विचारून कागदावर लिहा. टॅली असेल, एखाद्या परीक्षेचे किंवा कचेरीचे ठरावीक सॉफ्टवेअर असेल, तर ते सांगेल तीच प्रणाली. पत्रे, वाचन, बँक, चित्रपट एवढेच असेल, तर लिनक्स सहज पुरते. गूगलची २०२२ मध्ये आलेली क्रोमओएस फ्लेक्सही जुन्या यंत्रांसाठीच आहे. मात्र तिचे बहुतेक काम इंटरनेटच्या आधाराने चालते.

दुसरा प्रश्न जुन्या ठेव्याचा. आधीच्या फायली, फाँट, छपाईयंत्र नव्या प्रणालीत चालतील का, हे आधी पाहा. लिनक्स पेन ड्राइव्हवरून, यंत्रातले काहीही न पुसता, चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, छपाई आणि आजोबांची एक फाईल, एवढे अर्ध्या तासात तपासून होते. तो अर्धा तास आम्ही दिला नाही.

तिसरा प्रश्न यंत्राचा. प्रोसेसर कोणत्या पिढीचा, रॅम किती? विंडोज ११ च्या अटी ते पुऱ्या करीत असेल, तर प्रश्न बराचसा मिटला. ४ जीबी रॅम असेल, तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, तर प्रणाली कोणतीही असो, यंत्राला नवी उमेद येते.

चौथा प्रश्न माणसाचा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. रात्री दहा वाजता काही अडले तर धावून कोण येणार? ज्याला फोन करता येईल, त्याला जी प्रणाली कळते ती निम्मी निवडलेलीच समजा. आणि आपण दुसऱ्याच्या घरी एखादी प्रणाली बसवून दिली, तर तिची जबाबदारीही आपल्यावर आली, हे ओळखून असावे.

भाचीच्या घरी शेवटी काय झाले? पूर्वी कंपनीत वापरलेल्या पुष्कळ लॅपटॉपांत विंडोजचा खरा परवाना यंत्राच्या पोटातच नोंदलेला असतो. आमच्या यंत्रातही तो निघाला! विक्रेत्याने खोटी मोहोर विनाकारणच मारली होती. त्या परवान्यावर विंडोज १० पुन्हा बसविली, मुदतवाढीची नोंदणी केली, आणि ती केवळ टॅलीपुरती ठेवली. शेजारी मिंट आहे. सुरू करताना जी हवी ती निवडता येते. बँक, पत्रे आणि आजोबांचे लेखन मिंटवर चालते. ही कायमची व्यवस्था आहे, असा आमचा दावा नाही. मुदत सरेल तेव्हा पुन्हा विचार करावा लागेल, आणि त्या वेळी आम्ही आधी विचारू, मग हात लावू.

कल्हईवाल्याच्या भट्टीपुढे आम्ही लहानपणी तासन् तास उभे राहिलो आहोत. नवसागराचा पांढरा धूर निघे, कापसाचा बोळा फिरे आणि काळवंडलेले पातेले चांदीसारखे लखलखे. पण त्याआधी कल्हईवाला पातेले हातात घेऊन उलटसुलट पाहत असे आणि आजीला विचारी, "बाई, यात शिजवता काय?" त्या प्रश्नाचे मोल आम्हांला या वयात कळले. जुने यंत्र घेताना आपणही तेवढेच विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.