चाळीस वर्षे पडून राहिलेले हस्तलिखित



मी जन्मभर ग्रंथपाल होते. दोन शब्द बोल म्हटल्यावर पुस्तकांवरच बोलणार, सांभाळून घ्या.

जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मराठी जपून ठेवलेली आहे. ती तिथे नेली बेने इस्रायलांनी, म्हणजे कोकणातल्या आपल्या मराठी ज्यूंनी. पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात ‘शनवार तेली’. त्यांची कीर्तनेसुद्धा असत, आख्यान मात्र मोशेचे किंवा योसेफाचे.

1874 साली पुण्यात शिळाछापावर एक हग्गादा निघाली. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचायची ही पोथी हिब्रू आणि मराठी, दोन्हींत. तिच्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताहेत. ते चित्र पाहिले आणि मला धाराशिवचे आमचे स्वयंपाकघरच दिसले!

1948 नंतर यातले बरेच लोक इस्रायलला गेले. त्यांची मराठी गाणी त्या ग्रंथालयाच्या ध्वनिसंग्रहात मुद्रित आहेत. माझ्या आजीच्या ओव्या मात्र कुठेच नाहीत. घरात टेपरेकॉर्डर होता, त्यावर आम्ही सिनेमाची गाणी ऐकली.

मुंबईत 1875 मध्ये आपल्या समाजासाठी शाळा काढणाऱ्या हाईम सॅम्युएल किहीमकरांनी बेने इस्रायलांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. 1897 मध्ये लिहून झाला, छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीवला. तोवर लेखक हयात नव्हते. चाळीस वर्षे कुणीतरी ते बाड रद्दीत जाऊ दिले नाही, एवढ्यावर तो इतिहास उरला.

आता कबुली देते. दहावीच्या वर्षी आपल्या वर्गाचा हस्तलिखित अंक मी ‘दोन दिवसांसाठी’ घरी नेला होता. बाईंनी दोनदा विचारले, मी दोनदा खोटे बोलले. पुढे तीन घरे बदलली, अंक ट्रंकेच्या तळाशीच राहिला. आयुष्यभर वाचकांकडून उशिराचा दंड घेतला, हे वर आणखी!

अंक आज आणला आहे. मुखपृष्ठ वाळवीने खाल्ले, मधली चार पाने गेली. सरांचे संपादकीय पूर्ण आहे, शाई फिकटली तरी वाचता येते. जेवणानंतर त्या टेबलावर ठेवते. ज्यांच्या कविता त्या चार पानांत होत्या, त्यांनी आठवतील तेवढ्या ओळी तिथल्या कोऱ्या वहीत लिहाव्यात. आणि बाई, दंड किती झाला तेवढे सांगा.