स्वस्त मायक्रोफोन आणि पंढरपूरचे आवाज

आषाढी एकादशीच्या दिवशीं चंद्रभागेच्या वाळवंटांत उभें राहून डोळे मिटले, तर पंढरपूर कानांनीं दिसूं लागतें. एका बाजूस टाळांचा झणत्कार, त्याखालीं पखवाजाचा घुमारा, पुंडलिकाच्या देवळाकडून येणारा नामघोष, होडीवाल्यांच्या हांका, ध्वनिक्षेपकावरून चाललेल्या हरवलेल्या माणसांच्या सूचना, आणि या साऱ्यांच्या पलीकडे नदीवरून वाहणारा आषाढांतला वारा. माणसाचा कान मोठा चतुर. या गलबल्यांतून जो आवाज हवा तेवढाच तो वेंचून घेतो. कीर्तनकाराच्या शब्दांकडे लक्ष असलें म्हणजे वारा त्याला ऐकूंच येत नाहीं. खिशांत मावणारें ध्वनिमुद्रणयंत्र मात्र इतकें समंजस नाहीं. त्याच्या लेखीं अभंग आणि वारा यांची योग्यता सारखीच. घरीं परतून मुद्रण ऐकावयास बसलेल्या मंडळींना मग असें आढळतें कीं, नेमका जो आवाज जतन करावयाचा होता, तो सोडून बाकी सारें यंत्रांत शिरलें आहे.

अशा वेळीं दोष यंत्राच्या माथीं बसतो आणि घरांत एखादा भारी मायक्रोफोन विकत घेण्याची भाषा सुरू होते. तो घेण्यापूर्वीं थोडें थांबावें हें बरें. कारण दोष बहुधा यंत्राचा नसून अंतराचा असतो. ध्वनीचा एक सरळ नियम आहे. मोकळ्या जागेंत उगमापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं ध्वनीचा दाब निम्म्यावर येतो. गाणारीच्या ओठांपासून एका वितीवर असलेला मायक्रोफोन आठ वितींवर, म्हणजे साधारण सहा फुटांवर नेऊन ठेवला, तर तिचा आवाज तेथें एक-अष्टमांश जोरानें पोंचतो. शास्त्रज्ञांच्या हिशेबानें ही १८ डेसिबलांची घट. आणि गोम अशी कीं, घट फक्त गाण्याची होते. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे भोंगे, भिंतींवर आपटून परतणारा घुमारा हे सारे जेथल्या तेथें राहतात. हजार रुपयांचा मायक्रोफोन एका वितीवर आणि दहा हजारांचा आठ वितींवर अशी शर्यत लावली, तर स्पष्ट शब्द हजारांचाच देईल. तेव्हां मध्यम ऐपतीच्या कुटुंबानें खरेदी करतांना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा : हा मायक्रोफोन तोंडाजवळ नेऊन ठेवण्याची सोय आहे कीं नाहीं?

प्रश्न केवळ हौसेचा असता, तर त्यावर इतका खल करण्याचें कारण नव्हतें. परंतु पंढरपूर आणि त्याच्या भोंवतालच्या गांवांत अजून अशा वृद्ध स्त्रिया आहेत कीं, ज्यांच्या तोंडीं जात्यावरच्या ओव्या आहेत. विजेची गिरणी आली, जातें अडगळींत पडलें, आणि ओवीचें कारणच सरलें; सुनांना आणि नातींना ती शिकण्याचा प्रसंग उरला नाहीं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनीं गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत गांवोगांव हिंडून या ओव्या गोळा करविल्या. एक लाखाहून अधिक ओव्या लिहून झाल्या. विठ्ठल, रुक्मिणी आणि पंढरीची वाट हे त्यांतले फार मोठे विषय. पुढें बर्नार्ड बेल हे संगीतशास्त्रज्ञ या कामाशीं जोडले गेले आणि सुमारें १२० तासांचें ध्वनिमुद्रण झालें. २०१७ सालापासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ ही संस्था तो ठेवा प्रसिद्ध करीत आली आहे. १२० तास ही कांहीं थोडी मिळकत नव्हे. तरीहि लाखभर ओव्यांच्या मानानें तें मुद्रण लहानच. कागदावर ओवीचे शब्द राहतात. तिचा हेल, दळतां दळतां लागणारा दम, शेवटच्या अक्षरावर घेतलेली ओढ हीं कागदावर राहत नाहींत. तेव्हां एखाद्या घरच्या मुलानें आपल्या आजीच्या चार ओव्या नीट मुद्रित केल्या, तर तें काम कोणा संस्थेच्या वाट्याला पुन्हां येईलच असें नाहीं.

आतां बाजारांत काय मिळतें तें पाहावें. कीर्तनांत, सभेंत वक्त्याच्या हातीं दिसणारा जाळीदार तोंडाचा मायक्रोफोन बहुधा ‘डायनॅमिक’ जातीचा असतो. त्यांत पातळ पडद्याला चिकटलेलें तारेचें वेटोळें लोहचुंबकाच्या क्षेत्रांत हलतें आणि त्यांतून वीज उपजते. तो दणकट, पडला-आपटला तरी तग धरणारा, आणि त्याला बाहेरून वीज लागत नाहीं. परंतु त्याचा विद्युत्संदेश फार क्षीण. व्यासपीठावर मागें जोरकस वर्धक असतो म्हणून तें खपतें. खिशांतल्या यंत्राला तो जोडला म्हणजे यंत्राची कळ शेवटपर्यंत चढवावी लागते, आणि मग म्हातारीच्या मंद आवाजामागें पाऊस पडावा तशी अखंड ‘शूं’ ऐकूं येते. ओवीसाठीं तो नको.

दुसरी जात ‘कंडेन्सर’ची. हिच्यांतल्या मोठ्या, स्टुडिओंतल्या मायक्रोफोनांना ४८ व्होल्टांचा पुरवठा लागतो. तो देण्याची सोय लहान यंत्रांत सहसा नसते. दुकानांत चकचकीत डबींत हे मायक्रोफोन हल्लीं बरेच स्वस्त दिसतात आणि पुष्कळ जण त्या स्वस्ताईला भुलतात. घरीं आणल्यावर कळतें कीं यंत्राला त्याचा उपयोगच नाहीं. याच जातीचें गरीब भावंड म्हणजे ‘इलेक्ट्रेट’. १९६२ सालीं अमेरिकेंतल्या बेल प्रयोगशाळेंत गेऱ्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनीं त्याला आजचें रूप दिलें. त्यांतल्या पातळ पडद्यावर विद्युत्भार कायमचा बसविलेला असतो, त्यामुळें बाहेरच्या मोठ्या दाबाची गरज उरत नाहीं; दोन-तीन व्होल्ट पुरतात. तेवढे बहुतेक लहान यंत्रें आपल्या मायक्रोफोनच्या भोंकांतूनच पुरवितात. सदऱ्याला किंवा पदराला चिमट्यानें लावावयाचा वाटाण्याएवढा मायक्रोफोन मिळतो, तो याच कुळांतला. चांगल्यापैकीं एक, पांच-सहा मीटर तारेसह, हजाराच्या आसपास पडतो. घरगुती कामाला याहून सरस खरेदी सहसा सांपडत नाहीं.

हा वाटाणा चहूंकडून सारखेंच ऐकतो. ज्यांना फक्त समोरचें ऐकणारा मायक्रोफोन हवा असतो, त्यांना हा दोष वाटेल. पण एका वितीवर ठेवल्यानंतर त्याला दिशेची फारशी गरज राहत नाहीं. उलट आजीनें मान वळविली, नातवाकडे पाहून हंसली, तरी आवाज बुडत नाहीं. समोरचेंच ऐकणारे मायक्रोफोन तोंडाच्या फार जवळ आले कीं खर्ज अवास्तव फुगवितात आणि वाऱ्यालाहि लवकर बळी पडतात. लांब नळीचे मायक्रोफोन दुरून अचूक ऐकतात अशी एक समजूत आहे. मोकळ्या मैदानांत तींत थोडें तथ्य आहे; दगडी भिंतींच्या खोलींत तेथला घुमारा त्या नळींतहि शिरतो आणि पैसे फुकट जातात.

खरेदीच्या वेळीं एक लहानशी गोष्ट पाहावयाची राहून जाते. मायक्रोफोनच्या पिनेवरचे काळे पट्टे मोजावे. तीन पट्टे असतील तर ती पीन मोबाईल फोनसाठीं. दोन असतील तर ध्वनिमुद्रणयंत्रासाठीं. अदलाबदल झाली कीं एक तर कांहींच ऐकूं येत नाहीं, नाहीं तर आवाज दूर विहिरींतून आल्यासारखा येतो. जोडणीचा तुकडा स्वस्तांत मिळतो, पण तो आधींच मागून घ्यावा. कांहीं मायक्रोफोनांवर दोन्हीकडची सोय करणारी लहान कळ आणि एल्. आर. ४४ ही बटणाएवढी बॅटरी असते. तिच्यावर चालणारा मायक्रोफोन वापरून झाल्यावर बंद करावयाचें राहिलें, तर पुढच्या वेळीं तो मुका निघतो. बिनतारी मायक्रोफोनचा मोह टाळणें इष्ट. त्यांतले पुष्कळसे २.४ गिगाहर्ट्झच्या ज्या लहरींवर चालतात, त्याच लहरींवर इतर असंख्य उपकरणें बोलत असतात. वारीच्या गर्दींत तर प्रत्येकाच्या खिशांत एक. अशा ठिकाणीं साधी तार कधीं दगा देत नाहीं.

समजा, एका घरीं माळ्यावरचें जातें खालीं काढलें आहे, दोन वृद्ध जावा समोरासमोर बसल्या आहेत आणि धाकटी मंडळी यंत्र घेऊन तयार आहेत. पहिली अडचण जात्याचीच. त्याची घरघर हवेंतून येते त्याहून अधिक जमिनींतून येते. यंत्र फरशीवर ठेवलें कीं ती थेट त्यांत उतरते. म्हणून यंत्राखालीं चौघडी घातलेली घोंगडी हवी. मायक्रोफोन पदराला लावला तर नऊवारीच्या काठाची सळसळ प्रत्येक फेऱ्याबरोबर मुद्रित होते. तो गळ्यापाशीं, पदर जेथें घासत नाहीं तेथें, चोळीच्या काठाला लावावा आणि तारेला चिमट्याखालीं एक वेढा द्यावा, म्हणजे ओढ बसत नाहीं. कांकणांचा किणकिणाट येईल. तो काढून टाकण्याचा खटाटोप कशाला? ओवी त्या कांकणांसकटच जन्मली आहे. दोघींना मिळून एकच मायक्रोफोन असेल तर तो ज्या बाईचा आवाज मंद तिला द्यावा; दुसरीचा आपोआप येतो. पंखा बंद, शीतकपाट बंद, शेजारच्या खोलींतला दूरदर्शन बंद. एवढें केल्यावर पाहुण्यांना गप्प बसविणें हेंच काय तें कठीण काम उरतें.

कीर्तनाची गोष्ट निराळी. पंढरपूरच्या मठांतून कीर्तनकार मध्यें उभा असतो, मागें टाळकऱ्यांच्या रांगा, एका अंगाला पखवाज. टाळ जवळून ऐकला तर त्याचा प्रहार कोणत्याहि लहान मायक्रोफोनला जड जातो. आवाज फाटतो, आणि एकदां फाटलेला आवाज मागाहून सांधतां येत नाहीं. यंत्राची आपोआप आवाज लहानमोठा करणारी योजना येथें आधीं बंद करावी. ती चालूं राहिली तर टाळ वाजतांच ती सारा आवाज खालीं दाबते, टाळ थांबले कीं हळूहळू वर आणते, आणि निरूपण भरती-ओहोटीवर हेलकावे खाऊं लागतें. कळ हातानें लावून, गजर ऐन रंगांत असतांना सुई शून्याच्या खालीं १२ डेसिबलांच्या आसपास राहील असें करावें. मठांत ध्वनिक्षेपक असेल तर त्याच्या कर्ण्यासमोर यंत्र धरून बसणें ही सर्वांत वाईट युक्ति. कर्ण्यानें बिघडविलेला आवाजच तेथून मिळावयाचा. वर्धकयंत्रावर बसलेल्या माणसाला नम्रपणें विचारून त्याच्याकडूनच एक तार मिळवावी. मात्र तो संदेश मायक्रोफोनच्या संदेशाहून कितीतरी जोरकस असतो. तो यंत्राच्या ‘लाईन’ भोंकांत, नाहीं तर आवाज उतरविणाऱ्या तारेंतूनच घ्यावा. या उपायाला मायक्रोफोनचा खर्चच नाहीं, फक्त ओळख लागते.

आणि वाळवंटांतली दिंडी? तेथें बाहेरचा मायक्रोफोन घेऊंच नये. यंत्राच्या अंगचे दोन मायक्रोफोन डावें-उजवें वेगळें दाखवितात. दिंडी समोरून चालत गेलेली कानाला कळते, ती त्यांच्यामुळें. तेथें पैसा खर्चावयाचा तो वाऱ्याच्या टोपीवर. डबींतून येणारी स्पंजाची टोपी बोलणाराचा फूत्कार अडविते, नदीवरचा वारा नाहीं. त्याला लांब केसांची, लोकरीसारखी टोपी लागते. ती नसेल तर खेळण्यांतल्या अस्वलाच्या कापडाची, मायक्रोफोनपासून थोडी पोकळी राखून शिवलेली पिशवीहि पुष्कळ काम देते. खर्ज छाटणारी कळ यंत्रावर असते, तिनें वाऱ्याची धडधड कमी होते खरी, पण पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा घुमाराहि तिच्याबरोबर जातो. टोपी असतांना ती कळ बंदच बरी. आणि कानाला हेडफोन लावल्याशिवाय यांतलें कांहींच करूं नये. तुटकी तार, निसटलेली पीन, पदराची सळसळ हीं घरीं गेल्यावर कळून काय उपयोग?

मुद्रण सुरू झालें कीं आजीला पहिल्यानें गाण्याचा आग्रह करूं नये. तिचें नांव, माहेर, सासर, जातें कोणाचें, ओव्या कोणाकडून शिकली, हें तिच्याच तोंडून पहिल्या दोन मिनिटांत घ्यावें. तेवढ्या वेळांत यंत्राची कळ नीट लावून होते, आणि बोलतां बोलतां तिचा हात आपोआप खुंट्याकडे जातो.