अब्बांच्या रायफलीचं मॅगझिन

श्रोतेहो, कवी मॅगझिन शोधतोय म्हटलं की लोक त्याला दिवाळी अंकांची नावं सांगतात. मागे दोन महिने मी जे मॅगझिन शोधत होतो, ते मात्र लोखंडी होतं.

अब्बांची अकोला जिल्ह्यात कोरडवाहू शेती. रोही आणि रानडुकरं पिकात शिरायची, म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढून .315 ची रायफल घेतली होती. ते गेल्यावर वारसाहक्काने ती माझ्याकडे आली. परवानगीशिवाय रोह्यावर गोळी झाडता येत नाही आणि माझ्याच्याने ती झाडवणारही नाही. पण अब्बांची वस्तू नादुरुस्त ठेवणं मनाला पटेना. मॅगझिनची स्प्रिंग मेली होती. काडतूस वर यायचंच नाही.

या रायफलीचं कूळ लष्करी. जेम्स पॅरिस ली या कारागिराची पेटी-मॅगझिनची कल्पना 1879 ची. तिच्यातूनच पुढे .303 ली-एनफिल्ड आली. दोन महायुद्धं तिने पाहिली. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर तर ती 2008 च्या मुंबई हल्ल्याच्या वेळीही होती. अमरावतीला कॉलेजात असताना एनसीसीच्या कवायतीत मीही ती उचलली आहे. लष्करी काडतूस सामान्य माणसाच्या हाती नको, म्हणून .303 खाजगी वापराला बंद झाली आणि तिच्याच घाटाची .315 नागरिकांसाठी आली. कोलकात्याजवळच्या इशापूरच्या कारखान्याने ती बनवली. फौजी मॅगझिनमध्ये दहा काडतुसं, आमच्यात पाच.

अमरावतीत मॅगझिन मिळालं नाही, म्हणून अकोल्याला गेलो. तिथे जुन्या लोखंडाच्या बाजारात एकजण कानाशी येऊन म्हणाला, "काहून फिरता भाऊ? पाचशे रुपयांत डब्बा भेटते. थोडा घासला का बसते."

त्याने कापडात गुंडाळलेलं मॅगझिन दाखवलं. फौजी होतं. पावतीचं विचारलं तर हसला.

हात खिशाकडे गेला होता, खोटं कशाला बोलू? पण 1959 च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दात त्याचे सुटे भागही येतात. म्हणजे कापडातला तो डबा नुसतं लोखंड नव्हता. आणि श्रोतेहो, आणखी एक गोष्ट. उद्या झडतीत बिनपावतीचा लष्करी भाग सापडला, तर आधी माझं नाव वाचलं जाईल. माझ्या कविता नंतर, कुणाला सवड झाली तर. अकोल्याने दंगली पाहिल्या आहेत. तिथल्या गल्ल्यांत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अब्बा परवान्याचं पुस्तक अम्मीच्या दागिन्यांबरोबर ठेवायचे, ते का, हे मला त्या बाजारात उमगलं.

रिकाम्या हाताने परतलो आणि परवाना घेऊन एका परवानाधारक कारागिराकडे गेलो. शस्त्र दुरुस्त करायलाही परवाना लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. म्हाताऱ्या कारागिराने मॅगझिन उजेडात धरलं. म्हणाला, "सर, नवीन कायले पाहिजे? ह्याचे ओठ वाकले अन् स्प्रिंग बसली, बस."

मॅगझिनच्या तोंडाच्या कडांना तो ओठ म्हणत होता. मग त्याने समजावलं. या काडतुसाच्या बुडाला कड असते. भरताना वरच्याची कड खालच्याच्या पुढे यायला हवी, नाहीतर कडेत कड अडकते. शिवाय या जातीच्या रायफलीत मॅगझिन ज्याचं त्याला बसवलेलं असतं. दुसरीचं आणलं तर नीट चालेलच असं नाही. जुने सैनिकसुद्धा मॅगझिन बदलत नसत. ते पाच-पाच काडतुसांच्या क्लिपा वरून रिकाम्या करायचे.

त्याने ओठ सरळ केले, स्प्रिंग बदलली, वहीत नोंद केली, पावती दिली. सहाशे रुपये झाले. भंगारातल्या डब्यापेक्षा फक्त शंभर रुपये जास्त.

त्या शंभर रुपयांत मला रात्रीची झोप मिळाली. घरी आल्यावर पावती परवान्याच्या पुस्तकात ठेवली आणि पुस्तक अम्मीच्या पेटीत. दागिने आता उरले नाहीत. पण जागा तीच आहे.