राजा दीनदयाळ : व्यक्तिचित्रे आणि वास्तुचित्रे

राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार. व्यक्तिचित्र आणि ऐतिहासिक वास्तू या दोन्ही प्रकारांत त्यांचा हात सारखाच सिद्ध होता.

दोन्ही प्रकारांचा पाया फ्रान्समध्ये घातला गेला. दागेरची छायाचित्रणाची प्रक्रिया १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाली. १८५१ मध्ये तिथल्या स्मारक आयोगाने ल ग्रे, बाल्द्यू यांच्यासह पाच छायाचित्रकारांना देशातील जुन्या इमारतींची चित्रे घेण्यास पाठवले. डागडुजीच्या कामाला ती उपयोगी पडणार होती. १८५४ मध्ये दिस्देरी या फ्रेंच छायाचित्रकाराने भेटकार्डाएवढ्या व्यक्तिचित्राचे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक छबी उमटू लागल्या आणि मध्यमवर्गालाही छायाचित्र परवडू लागले. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली.

त्या काळचे काम कष्टाचे होते. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची. थर वाळण्याआधी अंधाऱ्या तंबूत चित्र धुऊन काढावे लागे. प्रकाश घेण्यास काही सेकंद जात. समोर बसलेल्या माणसाचे डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावत. वास्तू मुळातच स्थिर. म्हणून आरंभीच्या छायाचित्रकारांनी तिच्याकडे धाव घेतली. १८८० च्या सुमारास कोरड्या काचा मिळू लागल्या आणि प्रवासातला हा खटाटोप बराच कमी झाला.

दीनदयाळ यांचे शिक्षण रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करताना त्यांनी कॅमेरा हाती घेतला. ब्रिटिश अधिकारी लेपेल ग्रिफिन यांच्यासोबत मध्य भारतात फिरून त्यांनी ग्वाल्हेर, खजुराहो, सांची येथील वास्तू टिपल्या. ती चित्रे ग्रिफिन यांच्या १८८६ च्या ग्रंथात आली. पुढे निजामाच्या आश्रयाने वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्लाही त्यांच्या काचेवर उतरला. बांधकामाची जाण असल्याने शिल्पाचा उठाव दिसेल असा उजेड आणि इमारतीची प्रमाणे बिघडणार नाहीत अशी जागा ते नेमकी हेरत.

व्यक्तिचित्रांसाठी सिकंदराबाद, हैदराबाद व मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते. पडदानशीन स्त्रियांसाठी १८९२ मध्ये हैदराबादला वेगळा जनानी स्टुडिओ निघाला. तिथले काम एक युरोपीय बाई पाहत. त्यामुळे दरबारी पुरुषांबरोबर घरातल्या स्त्रियांच्या चेहऱ्यांचीही नोंद राहिली.

त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन आहेत. जुन्या छायाचित्रावरून वास्तूची मूळ बांधणी आणि नंतरची भर वेगळी काढता येते, पडझड कुठे झाली तेही कळते. १९४८ सालापर्यंत निजामाच्याच संस्थानात असलेल्या बीड जिल्ह्यातले कंकालेश्वर मंदिर, धारूरचा किल्ला, अंबाजोगाईची लेणी यांच्या जतनासाठी अशी तारीखवार चित्रनोंद तितकीच आवश्यक आहे.